खुबा प्रत्यारोपणानंतरचे रुग्णकथित परिणाम मापन

खुबा प्रत्यारोपणानंतरचे रुग्णकथित परिणाम मापन म्हणजे खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णाच्या वेदनेत, हालचालीत व दैनंदिन जीवनात किती फरक पडला, हे खुद्द रुग्णाने दिलेल्या उत्तरांवरून मोजण्याची पद्धत होय. यासाठी पूर्वपरीक्षित प्रश्नावली वापरली जाते. रुग्ण ती शस्त्रक्रियेपूर्वी एकदा व शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळाने पुन्हा भरतो आणि दोन्ही वेळच्या गुणांतील फरकावरून परिणाम ठरवला जातो. डॉक्टरांची तपासणी, क्ष-किरण चित्र आणि कृत्रिम सांधा किती वर्षे टिकला याची नोंद ही परिणाम मोजण्याची अन्य साधने आहेत. रुग्णकथित मापन त्यांना पूरक असते, त्यांची जागा घेत नाही.

ऑक्सफर्ड हिप स्कोअर, हूस, वोमॅक, फरगॉटन जॉइंट स्कोअर आणि ईक्यू-५डी या अशा मापनातील प्रमुख प्रश्नावल्या आहेत. स्वीडन व इंग्लंड या देशांत हे मापन राष्ट्रीय पातळीवर केले जाते. भारतात त्याचा वापर मुख्यतः संशोधनात आणि मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होतो.

## पार्श्वभूमी

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोबणीत फिरते. संधिवात, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणे, मांडीच्या हाडाची मान मोडणे, क्षयरोग किंवा जन्मजात दोष यांमुळे सांधा झिजतो अथवा त्याचा आकार बिघडतो. औषधे व व्यायाम यांनी आराम पडेनासा झाल्यावर झिजलेले डोके व खोबण काढून त्यांच्या जागी धातू, प्लॅस्टिक किंवा सिरॅमिकचे भाग बसवले जातात.

आधुनिक खुबा प्रत्यारोपणाचे श्रेय इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाचे शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांना दिले जाते. त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचे लहान डोके आणि उच्च घनतेच्या पॉलिथिलीनची खोबण वापरण्यास सुरुवात केली. द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील २००७ च्या एका लेखात या शस्त्रक्रियेस ‘शतकातील शस्त्रक्रिया’ असे म्हटले गेले. भारतात सांधेरोपण रुजवणाऱ्यांमध्ये मुंबईचे अस्थिशल्यचिकित्सक के. टी. ढोलकिया यांचे नाव अग्रभागी आहे.

ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा जीव वाचवण्यासाठी केली जात नाही. वेदना कमी व्हावी, चालता यावे आणि रात्री झोप लागावी हा तिचा हेतू असतो. या गोष्टी क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. सांधा चित्रात व्यवस्थित बसलेला दिसत असतानाही रुग्णाला वेदना असू शकते. उलट, चित्रात किरकोळ दोष दिसणारा रुग्ण रोजची सर्व कामे करत असू शकतो. या विसंगतीतून रुग्णकथित मापनाची गरज पुढे आली.

## इतिहास

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी प्रत्येक रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ मागोवा घेऊन अंतिम परिणाम नोंदवावा, अशी कल्पना मांडली. तत्कालीन वैद्यकीय वर्तुळात तिला विरोध झाला. पुढे परिणाम मापनाचा पाया म्हणून हीच कल्पना मान्य झाली.

खुब्यासाठीची सुरुवातीची गुणांकने डॉक्टरांनी भरावयाची होती. १९५४ मध्ये फ्रान्समधील मेर्ल दोबिन्ये व पोस्तेल यांनी वेदना, हालचाल आणि चाल या तीन बाबींना प्रत्येकी सहापर्यंत गुण देणारी पद्धत प्रसिद्ध केली. चार्नली यांनी तीत बदल करून रुग्णांचे तीन गट पाडले: एकच खुबा बाधित असलेले, दोन्ही खुबे बाधित असलेले आणि अन्य आजारामुळेही चालणे मर्यादित झालेले. हे वर्गीकरण आजही उपयोगी ठरते. तिसऱ्या गटातील रुग्णाचे गुण कमी आले, तर त्याचे कारण नवा सांधा नसून गुडघा, पाठ किंवा हृदय असू शकते.

१९६९ मध्ये विल्यम हॅरिस यांनी हॅरिस हिप स्कोअर मांडला. त्यातील १०० गुणांपैकी ४४ वेदनेला, ४७ कार्यक्षमतेला, ५ हालचालीच्या कक्षेला आणि ४ विकृती नसण्याला दिलेले आहेत. ९० किंवा अधिक गुण उत्तम आणि ७० पेक्षा कमी गुण असमाधानकारक मानले जातात. यातील वेदनेची माहिती रुग्णच देतो, परंतु गुण डॉक्टर भरतात.

डॉक्टर आणि रुग्ण यांचे मूल्यमापन नेहमी जुळत नाही, हे १९९० च्या दशकात अभ्यासांतून दिसून आले. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुबा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची व त्यांच्या डॉक्टरांची उत्तरे ताडून पाहण्यात आली. रुग्ण समाधानी असताना दोघांची उत्तरे बरीचशी सारखी होती. रुग्ण असमाधानी असताना मात्र तफावत वाढली, म्हणजेच परिणामाची अचूक नोंद सर्वाधिक आवश्यक असलेल्या ठिकाणी डॉक्टरांचा अंदाज कमी विश्वासार्ह ठरला. त्याच वर्षी ऑक्सफर्ड हिप स्कोअर ही केवळ रुग्णाने भरावयाची प्रश्नावली प्रसिद्ध झाली.

## प्रमुख प्रश्नावल्या

प्रश्नावल्यांचे दोन प्रकार आहेत. काही खुब्यापुरत्या मर्यादित असतात, तर काही एकूण आरोग्य मोजतात. सामान्यतः दोन्ही प्रकारांतील एकेक प्रश्नावली एकत्र वापरली जाते.

* ऑक्सफर्ड हिप स्कोअर (१९९६): यात १२ प्रश्न असून ते मागील चार आठवड्यांविषयी असतात. नेहमीची वेदना, रात्रीची वेदना, अचानक उठणारी कळ, अंग धुणे व पुसणे, वाहनात चढणे-उतरणे, पायमोजे घालणे, घरची खरेदी, चालण्याचा कालावधी, जिना चढणे, खुर्चीतून उठणे, लंगडणे आणि नेहमीच्या कामात येणारा अडथळा हे त्यांचे विषय आहेत. मूळ पद्धतीत १२ ते ६० गुण होते व कमी गुण चांगले मानले जात. २००७ पासून ० ते ४८ ही पद्धत रूढ झाली असून तीत अधिक गुण चांगले असतात. जुने शोधनिबंध वाचताना हा बदल ध्यानात घ्यावा लागतो.
* वोमॅक (१९८८): खुबा व गुडघा यांच्या झिजेच्या संधिवातासाठी तयार केलेल्या या प्रश्नावलीत २४ प्रश्न आहेत. त्यांपैकी वेदनेचे ५, ताठरपणाचे २ आणि शारीरिक कार्याचे १७ आहेत.
* हूस (२००३): वोमॅकचा विस्तार करून स्वीडनमध्ये तयार झालेली ४० प्रश्नांची प्रश्नावली. वेदना, लक्षणे, दैनंदिन कामे, खेळ व करमणूक आणि जीवनमान असे तिचे पाच भाग असून प्रत्येक भागाचे गुण ० ते १०० असे स्वतंत्र काढले जातात. तिची सहा प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली.
* फरगॉटन जॉइंट स्कोअर (२०१२): दैनंदिन व्यवहारात कृत्रिम सांध्याची जाणीव किती वेळा होते, हे १२ प्रश्नांतून विचारले जाते. सांधा आहे याचा रुग्णाला विसर पडणे हा सर्वोत्तम परिणाम मानला जातो.
* ईक्यू-५डी: एकूण आरोग्याची ही प्रश्नावली १९८७ मध्ये स्थापन झालेल्या युरोक्वॉल गटाने तयार केली. हालचाल, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना व अस्वस्थता आणि चिंता व नैराश्य हे तिचे पाच पैलू आहेत. त्याशिवाय रुग्ण ० ते १०० च्या उभ्या पट्टीवर आजचे आपले आरोग्य दर्शवतो. या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे.

## मापनाची पद्धत

पहिली प्रश्नावली शस्त्रक्रियेपूर्वी भरून घेतली जाते. ही नोंद नसेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या गुणांचा अर्थ लावणे कठीण होते, कारण ३५ गुण ही १० गुणांवरून आलेल्या रुग्णासाठी मोठी सुधारणा असते, तर ३३ गुणांवरून आलेल्यासाठी नगण्य. दुसरी प्रश्नावली साधारणपणे सहा महिन्यांनी किंवा एका वर्षाने भरली जाते. पहिल्या काही आठवड्यांत जखमेची वेदना व कुबड्यांचा वापर यांचा प्रभाव असल्याने त्या काळातील गुण अंतिम मानले जात नाहीत.

प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरावी अशी अपेक्षा असते. वाचता न येणाऱ्या किंवा दृष्टी क्षीण झालेल्या रुग्णास कोणी प्रश्न वाचून दाखवत असेल, तर ती व्यक्ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या चमूतील नसावी, असे सामान्यतः मानले जाते. उपचार करणाऱ्यांसमोर तक्रार सांगण्यास अनेक रुग्ण संकोचतात. नातेवाइकांनी रुग्णाच्या वतीने दिलेले उत्तर ‘रुग्णकथित’ ठरत नाही, ते वेगळे नोंदवले जाते.

### गुणांचा अर्थ

संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय असलेला प्रत्येक फरक रुग्णाला जाणवतोच असे नाही. म्हणून रुग्णाला जाणवेल असा किमान फरक स्वतंत्रपणे काढला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार ऑक्सफर्ड हिप स्कोअरमध्ये एका रुग्णाच्या बाबतीत सुमारे ८ गुणांची वाढ अर्थपूर्ण मानता येते, तर रुग्णांच्या दोन गटांची तुलना करताना सुमारे ५ गुणांचा फरक महत्त्वाचा ठरतो.

उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेपूर्वी १६ व सहा महिन्यांनी ३८ गुण असलेल्या काल्पनिक रुग्णात २२ गुणांची सुधारणा आहे. ती किमान फरकापेक्षा बरीच मोठी आहे. तरीही ४८ पैकी १० गुण उरतात. ते कोणत्या प्रश्नांत कमी पडले, हे पाहिल्याशिवाय त्या रुग्णाची उरलेली अडचण समजत नाही.

## राष्ट्रीय नोंदणी

स्वीडनने १९७९ मध्ये खुबा प्रत्यारोपणाची राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. २००२ पासून तीत रुग्णकथित मापनाचा समावेश होऊ लागला. शस्त्रक्रियेपूर्वी आणि त्यानंतर एक, सहा व दहा वर्षांनी रुग्णांना वेदना, समाधान व एकूण आरोग्य यांविषयी विचारले जाते.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने एप्रिल २००९ पासून खुबा व गुडघा प्रत्यारोपण, हर्निया आणि अपस्फीत नीला या चार शस्त्रक्रियांसाठी रुग्णकथित मापन सुरू केले. हर्निया व अपस्फीत नीला यांचे मापन २०१७ मध्ये थांबवण्यात आले, मात्र खुबा व गुडघा यांचे सुरू राहिले. खुब्याच्या रुग्णांत ऑक्सफर्ड हिप स्कोअरमधील सरासरी वाढ २० गुणांहून अधिक आढळते. रुग्णालयांची तुलना करताना रुग्णांचे वय, लिंग, अन्य आजार व आधीचे गुण विचारात घेऊन आकडे समायोजित केले जातात.

## भारतातील स्थिती

भारतातील खुबा प्रत्यारोपणाचे रुग्ण युरोपातील रुग्णांपेक्षा सरासरीने तरुण असतात. हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते निकामी होण्याचा, ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस नावाचा आजार हे येथील एक प्रमुख कारण आहे. पाश्चात्त्य देशांत वयपरत्वे होणारी झीज हे मुख्य कारण असते. तरुण रुग्णाला पुढे अनेक वर्षे काम करायचे असते. त्यामुळे वृद्धांना समोर ठेवून तयार केलेले प्रश्न त्याच्या अपेक्षा पुरेशा टिपत नाहीत.

इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स ही संस्था भारतातील सांधेरोपणांची नोंदणी चालवते. या नोंदणीत माहिती देणे शल्यचिकित्सकांसाठी ऐच्छिक आहे. ईक्यू-५डीच्या पाच स्तरांच्या आवृत्तीसाठी भारतीय लोकांच्या पसंतीवर आधारित मूल्यसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या पुढाकाराने हे काम झाले.

### एएसआर प्रकरण

शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचा मागोवा न घेतल्यास काय घडते, हे एएसआर या कृत्रिम खुब्याच्या प्रकरणातून स्पष्ट झाले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीचा हा सांधा धातूवर धातू घासणाऱ्या प्रकारचा होता. घर्षणातून सुटणारे कोबाल्ट व क्रोमियमचे कण आसपासच्या ऊतींना इजा करू शकतात. इंग्लंड व वेल्सच्या राष्ट्रीय सांधे नोंदणीतून २०१० मध्ये असे दिसले की, पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून मागे घेतला. तोवर जगात सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसवण्यात आला होता.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाची चौकशी करून २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. सांध्याचा आयात परवाना २०१२ मध्ये रद्द झाला. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात बाधितांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. त्याच वर्षी केंद्राने ३० लाख ते सुमारे १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंतचे सूत्र जाहीर केले. मात्र सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता.

रुग्णकथित मापनाच्या दृष्टीने या प्रकरणाचे दोन अर्थ आहेत. मापनासाठी रुग्णाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक व बसवलेल्या सांध्याचा तपशील जपणारी यंत्रणा लागते आणि ती असती तर वेदना वाढलेल्या रुग्णांपर्यंत लवकर पोहोचता आले असते, हा पहिला. दुसरा अर्थ मर्यादेचा आहे: धातूचे कण साचलेल्या काही रुग्णांना प्रारंभी कोणताही त्रास जाणवत नाही. अशा रुग्णांचे गुण चांगले येतात. त्यामुळे रक्तातील धातूंचे प्रमाण व प्रतिमा तपासणी यांना प्रश्नावली हा पर्याय ठरत नाही.

## भाषांतर व सांस्कृतिक अनुरूपता

परदेशी प्रश्नावलीचे केवळ शब्दशः भाषांतर पुरेसे नसते. रूढ पद्धतीनुसार दोन व्यक्ती स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यांचा मेळ घातला जातो, मूळ प्रश्नावली न पाहिलेली व्यक्ती त्याचे पुन्हा मूळ भाषेत रूपांतर करते आणि अखेरीस काही रुग्णांकडून ते वाचून घेऊन त्यांना काय अर्थ समजला हे तपासले जाते. यानंतर प्रश्नावलीची विश्वासार्हता व सप्रमाणता नव्याने पडताळावी लागते.

मराठीत अडचण शब्दांपेक्षा जीवनपद्धतीची अधिक आहे. पायमोजे न वापरणाऱ्या शेतकऱ्याला पायमोज्यांचा प्रश्न लागू होत नाही. त्याच्या पायाच्या पंजापर्यंत हात पोहोचतो का, हे जाणून घेणे हा प्रश्नाचा खरा हेतू असतो. मांडी घालून पंगतीत बसणे, पूजेला पाटावर बसणे, देशी पद्धतीच्या शौचालयाचा वापर, जमिनीवरून उठणे आणि उकिडवे बसून काम करणे या क्रिया वरील प्रश्नावल्यांत एकतर नाहीत किंवा अपुऱ्या आहेत.

अशा क्रियांचा समावेश करण्यातही एक पेच आहे. नवा सांधा निखळू नये म्हणून अनेक शल्यचिकित्सक रुग्णाला खुब्यात ९० अंशांपेक्षा अधिक वाकू नये, पायावर पाय टाकू नये आणि जमिनीवर बसणे टाळावे, असा सल्ला देतात. सल्ला पाळणारा रुग्ण ‘मांडी घालता येत नाही’ असे उत्तर देईल, तेव्हा त्याचे गुण कमी होतील. म्हणून क्षमता नाही, मनाई आहे की भीती वाटते, हे वेगवेगळे विचारणे आवश्यक ठरते.

## जालना जिल्ह्याचा संदर्भ

मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९.६ लाख होती व त्यातील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. साक्षरता सुमारे ७१.५ टक्के आणि स्त्रियांमधील साक्षरता सुमारे ६१ टक्के होती. वयोवृद्ध पिढीत साक्षरता याहून कमी असल्याने स्वतः भरावयाची छापील प्रश्नावली येथील अनेक रुग्णांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, वापरता येत नाही. प्रश्न वाचून दाखवणे किंवा दूरध्वनीवरून विचारणे हे पर्याय अशा ठिकाणी उपयुक्त ठरतात.

जिल्ह्यातील रुग्ण विशेषोपचारांसाठी प्रामुख्याने सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला जातात. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. जालना येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. शस्त्रक्रिया एका जिल्ह्यात आणि रुग्णाचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असते, तेव्हा टाके काढल्यानंतर रुग्ण पुन्हा त्याच रुग्णालयात येईलच असे नसते. परत न येणाऱ्यांत पूर्ण बरे झालेले असतात आणि प्रवास न झेपणारेही असतात. केवळ परत आलेल्यांच्या उत्तरांवर काढलेली सरासरी म्हणूनच फसवी ठरू शकते.

जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः शेतीवर आधारित आहे. कापूस, सोयाबीन व मोसंबी ही येथील महत्त्वाची पिके आहेत. खुरपणीसाठी उकिडवे बसावे लागते, तर वेचणीत वाकून दीर्घकाळ उभे राहावे लागते. ऑक्सफर्ड हिप स्कोअर मागील चार आठवड्यांपुरताच विचारतो. उन्हाळ्यात शेतीची कामे थंडावलेली असताना आणि ऐन हंगामात दिलेली उत्तरे त्यामुळे वेगळी येऊ शकतात. दोन्ही वेळच्या नोंदी करताना हंगाम नोंदवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

## मर्यादा

* कमाल गुणांची मर्यादा: चांगला परिणाम झालेल्या अनेक रुग्णांना जवळजवळ पूर्ण गुण मिळतात. त्यामुळे चांगला व अत्युत्तम परिणाम यांत भेद करता येत नाही. फरगॉटन जॉइंट स्कोअर याच कारणाने पुढे आला.
* निकष बदलणे: दीर्घकाळ वेदना सोसलेल्या व्यक्तीचे वेदना मोजण्याचे मनातील माप शस्त्रक्रियेनंतर बदलते. त्यामुळे आधीची व नंतरची उत्तरे एकाच मापाने दिलेली असतीलच असे नाही.
* अपेक्षांचा प्रभाव: समान शारीरिक सुधारणा झालेल्या दोन रुग्णांपैकी अवाजवी अपेक्षा ठेवणारा अधिक असमाधानी असू शकतो. चिंता व नैराश्य यांचाही गुणांवर परिणाम होतो.
* अन्य आजार: दुसरा खुबा, गुडघे किंवा पाठीचा कणा दुखत असल्यास गुण कमी येतात.
* गुणांचा गैरवापर: कमी गुण असलेल्यांनाच शस्त्रक्रिया मंजूर करण्यासाठी या प्रश्नावल्यांचा वापर करावा का, याविषयी मतभेद आहेत. ऑक्सफर्ड हिप स्कोअर परिणाम मोजण्यासाठी तयार झाला होता, रुग्णांची निवड करण्यासाठी नव्हे.

## हे सुद्धा पहा

* खुब्याचा सांधा
* संधिवात
* ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस
* जॉन चार्नली
* जालना जिल्हा